शेतात राहायला जायचंय: आधी घर की आधी विहीर?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही नवरा-बायको आणि साडेचार वर्षांची मुलगी सध्या पुण्यात भाड्याने राहतो. मिस्टरांचं काम कॉम्प्युटरवरचं, घरून चालतं. त्यांचं गाव पारोळा तालुक्यात. सासरे गेल्यावर दोन एकर शेत आमच्या वाट्याला आलं, गावापासून दीड किलोमीटरवर. जमीन काळी, वरच्या अंगाला थोडी मुरमाड, खालच्या कडेला नाला. जुनी विहीर आहे, ती मार्चमध्ये तळ गाठते. सातबारा अजून सगळ्यांच्या नावावर आहे, पण कोणाचं कुठपर्यंत हे सगळ्यांना माहीत आहे. वाट मोठ्या चुलत दिरांच्या बांधावरून जाते. सासूबाई गावातल्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरात एकट्या असतात. आमच्याकडे 14 लाख रुपये साठलेत. मिस्टर म्हणतात, पुण्याचं भाडं वाचवू, पावसाच्या आत नाल्याकाठी छोटं घर उभं करू, तोवर पत्र्याच्या शेडमध्ये राहू. मला वाटतं आधी विहिरीचं करावं. मुलीच्या शाळेची आणि साप-विंचवाची काळजी वाटते, पण जायचं मलाही आहे. आधी काय करावं? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर

तुमच्या दोघांच्या वादात मी बरीचशी तुमच्या बाजूची आहे. घर आधी नको. पण विहिरीलाही इतक्यात हात लावू नका. तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला काळजी वाटली ते सातबाऱ्याचं आहे. कोणाचं कुठपर्यंत हे माहीत असणारी माणसं आहेत तोवर तोंडी वाटणी चालते. शेतात कपाशी आणि दादर (रब्बीची ज्वारी) असेपर्यंतही चालते, कारण पीक निघून जातं. घर जागेवर बसतं. तुम्ही जोतं उचललं की शिवारातल्या प्रत्येकाला आपला बांध आठवायला लागेल.

कागदावर आज तुमच्या दोन एकरांना कडा नाहीत. सामाईक सातबाऱ्यात तुमचा हिस्सा आहे, पण तो नाल्याकडचा की मुरमाकडचा हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून पहिलं काम तहसील कचेरीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 85 प्रमाणे सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमतीने वाटप करून घेता येतं. आदेश झाला की फेरफार, मग तुमच्या नावाचा वेगळा सातबारा, मग भूमी अभिलेखकडून मोजणी. मोजणीच्या दिवशी मिस्टरांनी स्वतः पुण्याहून यावं आणि लगतचे खातेदारही हजर असतील असं बघावं. हद्दीच्या खुणांना दगड पुरा. लाकडी खुंट्या पहिल्या वखरणीत जातात. जमीन भोगवटादार वर्ग 1 (मोकळ्या हक्काची) आहे की 2 (सरकारी अटी असलेली), तेही आत्ताच बघा. वर्ग 2 असेल तर परवानगीचे वेगळे सोपस्कार आहेत आणि ते घर बांधल्यावर कळून उपयोग नाही.

घरासाठी जमीन बिगरशेती करावी लागते, असं गावात कोणीतरी सांगेलच. त्याच अधिनियमाच्या कलम 41 मध्ये शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात शेतघर बांधायची मुभा आहे. धारण क्षेत्र 0.4 हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण एका एकरापेक्षा जास्त हवं. 0.6 हेक्टरपर्यंत जोत्याचं क्षेत्र 150 चौरस मीटर आणि त्यापुढे 400 चौरस मीटर ही मर्यादा आहे. तुमचे दोन एकर म्हणजे 0.8 हेक्टर, तेव्हा कुटुंबाला पुरेसं घर त्यात आरामात बसतं. फक्त ते दोन एकर तुमच्या एकट्यांच्या खात्यावर यायला हवेत. बांधण्याआधी ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे लेखी विचारणा करून पोच घ्या. बिगरशेती नसलेल्या जागेवर गृहकर्ज द्यायला बहुतेक बँका कचरतात, म्हणून 14 लाख हीच तुमची एकूण ताकद धरून चाला. त्यातले किमान तीन लाख घराच्या भिंतींना लागणार नाहीत. ते वाट, पाणी आणि वीज यांत जातील.

वाटेचंही तसंच. चुलत दिरांच्या बांधावरून आज मोटरसायकल जाते, बैलगाडी जाते, कोणी अडवत नाही. विटांचा ट्रॅक्टर रोज जायला लागला, त्यांच्या कपाशीच्या दोन सऱ्या चाकाखाली गेल्या, की बोलणं बदलतं आणि त्यात त्यांची चूकही नसते. वाटपाच्या कागदातच वाट लिहून घ्या, किती फुटांची आणि कोणत्या गटातून हे स्पष्ट करून, आणि तिची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात करायला लावा. नवीन वाट मागायला कलम 143 आहे, असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आहे. दोन्हीकडे तहसीलदारांसमोरच जावं लागतं. ते दार तुम्हाला ठोठवावं लागू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण पुढची तीस वर्षं पेरणीच्या दिवशी, रात्री ताप आलेल्या मुलीला दवाखान्यात नेताना, त्याच बांधावरून जायचं आहे. येत्या पावसाळ्यात झडीच्या दिवशी ही वाट एकदा पायी चालून बघा. काळ्या मातीत चप्पल जागच्या जागी रुतते आणि मोटरसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाक फिरायचं थांबतं. तो दिवस बघितलात की मुरूम कुठे टाकायचा आणि खालून पाइप कुठे घालायचा हे कोणाला विचारावं लागणार नाही.

आता विहीर. मार्चमध्ये तळ गाठते, हे शेतकऱ्याच्या हिशेबाने बरोबर आहे. मोटर लावली की अर्ध्या तासात फेस येतो आणि कपाशीला पाणी पुरत नाही. घराचा हिशेब वेगळा असतो. चार माणसांना धुणं-भांडी धरून दिवसाला पाचशे-सहाशे लिटर पाणी लागेल. तुमची विहीर सहा मीटर व्यासाची असेल तर तिच्यात पाणी एक इंच चढलं तरी ते सातशे लिटर होतं. तेव्हा ऐन मे महिन्यात विहीर उपसून रिकामी करा, दोराला गाठी मारून दगड सोडा, रात्रभर थांबा आणि सकाळी परत मोजा. चार बोटं पाणी आलेलं असेल तर तुमच्या घरापुरती विहीर जिवंत आहे. काहीच आलं नाही, तर मग पुढचा विचार. शेजारच्याची मोटर त्या रात्री चालू होती का, हेही विचारून ठेवा.

खोलीकरणाची आणि बोअरची घाई एवढ्यासाठी नको म्हणते. आपल्या भागात खाली काळा पत्थर आहे, लाव्हाचे एकावर एक थर. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि पत्थराच्या फटींत. मुरमाचा थर संपल्यावर खाली फट लागली तर लागली, नाही तर सुरुंगाचे पैसे कोरड्या दगडात जातात. कोणी शिरपूरचं नाव घेऊन नाला पोकलेनने खोल करा म्हणेल. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी जे केलं ते तिथल्या थरांचा अभ्यास करून, नाल्याच्या लांबीवर एकामागून एक बंधारे घालून केलं. एकट्या शेतकऱ्याने फक्त आपल्या कडेचा नाला विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली खोदला, तर विहिरीतलंच पाणी नाल्यात पाझरून जायचं. त्यापेक्षा शेतातून वाहून जाणारं पावसाचं पाणी वरच्या अंगाला बांध घालून, गोटे-खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून मुरमात जिरवा. ते स्वस्त आहे आणि चुकलं तरी नुकसान होत नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जमलं तर दोघं एकदा जाऊन या. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावाने 1990 च्या दशकापासून जंगल राखलं आणि गावाचं पाणी परत आलं. 2025 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वरचा उतार राखला की खाली पाणी कसं टिकतं, हे तिथे डोळ्यांनी बघायला मिळतं.

प्यायच्या पाण्यासाठी मात्र मी विहिरीवर विसंबणार नाही. शंभर चौरस मीटर छतावर 600 मिलिमीटर पाऊस पडला तर 60,000 लिटर पाणी पडतं. पन्हळीतून सांडलं, पहिला पाऊस सोडून दिला, तरी 45,000 लिटर हाती लागावं. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज 40 लिटर धरले तर आठ महिन्यांना दहा हजार लिटरची टाकी पुरते. घर बांधताना ही टाकी जोत्यालगत जमिनीखाली करून घ्या, नंतर करायचं म्हटलं की राहतं. आणि विहिरीचं पाणी मुलीला देण्याआधी तपासून घ्या, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर. नायट्रेट, फ्लोराइड, क्षार आणि जंतू, चारही बघायला सांगा.

घराची जागा. नाल्याकाठी नको, हे मी अगदी आग्रहाने सांगते. 2021 च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना एका रात्रीत पूर आला तेव्हा एरवी पायाचा घोटा न बुडवणारं पाणी घरांत आणि दुकानांत शिरलं होतं. तुमचा नाला लहान असेल. त्याच्या वर किती शिवार उतरतं ते बघा. सासूबाईंना विचारा, त्यांच्या आठवणीतलं पाणी कोणत्या झाडापर्यंत आलं होतं. त्यांना ते झाड नक्की माहीत असेल.

पूर बाजूला ठेवला तरी नाल्याकडची काळी जमीन घराच्या कामाची नाही. एप्रिल-मेमध्ये त्या तुकड्यात जाऊन एखाद्या भेगेत तुरीची काठी सोडा. काठी हातभर आत जाते, कधी कधी सुटून पूर्ण दिसेनाशी होते. मृगाच्या पावसात तीच माती पाणी पिऊन फुगते, भेग मिटते आणि सगळं रान वर उचललं जातं. दरवर्षी असं उघडणं-मिटणं चालू असतं आणि त्यावर तुमचा पाया बसलेला असतो. दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी चीर जाते, फरशी मधोमध पोट काढते, दरवाजा पावसाळ्यात लागत नाही. सिमेंट भरून ती चीर बुजत नाही, पुढच्या उन्हाळ्यात परत तिथेच उघडते. जुनी गावं उंचवट्यावरच्या पांढरीत, म्हणजे फिकट मातीच्या जागेत वसली आणि काळी पिकासाठी राखली गेली, त्यामागे हाच अनुभव आहे. तुमच्याकडे वरच्या अंगाला मुरमाड कोपरा आहे, म्हणजे देवानेच जागा दाखवली आहे. तिथे पीक तसंही कमी येतं. जेसीबीने तिथे सहा फुटांचा खड्डा घेऊन बघा. काळी दोन फुटांत संपून मुरूम लागला, तर काळी सगळी काढून शेतात पसरवा आणि पाया मुरमावर घ्या. काळी खोलवर निघाली तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या मातीसाठी पायाचे वेगळे प्रकार आहेत आणि तिथे केलेली काटकसर महागात पडते.

संडासाचे शोषखड्डेही त्याच विचाराने. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही आणि मुरमात ते फटींतून लांब जातं. म्हणून दोन खड्डे आलटून-पालटून वापरायचे, विहिरीपासून किमान 15 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. न्हाणीचं पाणी वेगळं काढून केळी-कर्दळीला द्या.

आता ज्यावर माझं सगळ्यात जास्त म्हणणं आहे ते. शेडमध्ये राहायचं मनातून काढून टाका. खान्देशात मे महिन्यात पारा 43-44 च्या पुढे जातो. पत्र्याखाली दुपारी माणूस बसू शकत नाही, तुमची मुलगी तर साडेचार वर्षांची आहे. शिवाय पावसाआधीच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, पत्रे उडतात आणि उडालेला पत्रा माणूस कापतो. गावात सासूबाईंचं धाब्याचं घर उभं आहे, त्या एकट्या आहेत. जूनमध्ये भाडं सोडून तिथे जा. भाडं वाचवायचं मिस्टरांचं गणित तिथेही साधतं. दीड किलोमीटर म्हणजे सकाळी चालत जाऊन ऊन चढायच्या आत परत यायचं अंतर आहे. सासूबाईंना मात्र आधी विचारा. वर्षभर सून, नात आणि लॅपटॉप घरात येणार आहे. त्यांच्या चुलीची, झोपायच्या जागेची अदलाबदल त्यांच्या मनाने व्हायला हवी.

त्या घरात तुम्हाला एक अख्खा उन्हाळा काढता येईल, आणि तो काढल्याशिवाय घराचा नकाशा काढू नका. मातीच्या जाड भिंती दुपारभर ऊन बाहेर कसं थोपवून धरतात, संध्याकाळी सात वाजता कोणती भिंत हाताला गरम लागते, रात्री माणसं ओट्यावर का झोपतात, हे अंगावर घेऊन मगच मिस्त्रीशी बोला. तुमचं घर पूर्व-पश्चिम लांब ठेवा, म्हणजे पश्चिमेच्या उन्हाला अरुंद बाजू मिळेल. त्या बाजूला न्हाणी, कोठी, जिना टाका, झोपायची खोली टाकू नका. स्लॅब टाकणार असाल तर त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्स किंवा चुना हवाच. मिस्टरांच्या कामाची खोली उत्तरेला. त्या जागेवर मोबाइलचं नेटवर्क दुपारी आणि रात्री किती येतं हे आत्ताच तपासा. शेतीच्या वीजजोडणीवर घर चालत नाही, ती ठरावीक तासच येते; घरगुती जोडणी वेगळी घ्यावी लागेल आणि खांब किती लांब आहे त्यावर खर्च ठरेल.

घर उशिरा, पण झाडं याच पावसात. पायाची आखणी झाली नाही तरी पश्चिमेची बाजू कुठली हे तर ठरलेलं आहे. घराच्या जागेपासून आठ-दहा मीटर सोडून निंब आणि करंज लावा. जास्त जवळ नको, मुळं भिंतीखालची ओल ओढतात. त्यांच्या पुढे शेवगा आणि हादगा लावा; ते पहिल्या-दुसऱ्या वर्षातच डोक्याच्या वर जातात आणि निंब मोठा होईपर्यंत सावली देतात. वाऱ्याच्या अंगाला, केळीच्या बागेभोवती लावतात तशी शेवरीची दाट ओळ. खड्डे आत्ता उन्हात तापू द्या, जूनमध्ये शेणखत घालून भरा. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक रोपाशेजारी तळाला भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरलं तर आठवड्यातून एक-दोनदा भरून भागतं. पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर घराचं काम सुरू करा. थंडीत बांधकाम चांगलं होतं, सिमेंटला पाणी मारायला विहिरीत पाणी असतं आणि मजूर उन्हाने बेजार नसतात.

साप-विंचवाची भीती वाटते हे बरोबरच आहे. तुमच्या भीतीला घाबरटपणा म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, अनेकदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा नियम गावातल्या घरातही पाळा. सरपण आणि विटांचा ढीग भिंतीला लावून ठेवू नका, धान्य उंदरांपासून बंदिस्त ठेवा, अंधारात बॅटरी आणि बूट. चावलंच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे न्यायचं नाही. हात-पाय हलू न देता थेट दवाखाना, 108 ला फोन. प्रतिविष कोणत्या सरकारी दवाखान्यात असतं, हे राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात स्वतः जाऊन विचारून या.

शाळेचं तुम्ही वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. पहिलीला अजून अवकाश आहे. पहिलं वर्ष गावातल्या अंगणवाडीत जाऊ द्या, तिला मैत्रिणी मिळतील आणि पुढे शेतात राहायला गेल्यावर गावात तिचं स्वतःचं काहीतरी असेल.

वाटपाच्या बोलणीला मुहूर्त आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा धरा. सासुरवाशिणी तेव्हा माहेरी येतात, म्हणजे सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या नणंदा, आत्या, सगळ्याच गावात असतील. हक्क त्यांचाही आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच धरला जातो. कोणी तुम्हाला सुचवेल की आल्याच आहेत तर सोबत नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन टाका. तसं करू नका. त्यांना आधी फोन करून सांगा की आखाजीला वाटपाचं बोलायचं आहे, सातबारा आणि नकाशाची झेरॉक्स पाठवा, आणि त्यांना काय हवंय ते विचारा. कोणाला जमीन हवी असेल, कोणाला पैसे, कोणाला फक्त विचारलेलं हवं असेल. मोठ्या चुलत दिरांकडे बोलायला मिस्टरांनी एकट्याने जाऊ नये, सासूबाईंना पुढे घेऊन तुम्ही दोघांनी जावं, आणि त्यांच्या बायकोलाही बसवून घ्यावं. वाट त्यांच्या बांधावरून आहे, त्या बांधावरचं गवत रोज त्याच कापतात.